रंकाळा ऑनलाइन आहे

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर वाचत आले ते फक्त चुका काढायला. डब्लिनमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी म्हणालं, "अगं, ते आपोआप बंद पडलं," की माझा पहिला प्रश्न असतो, "तू कुठलं बटण दाबलं होतंस?" आपोआप काही होत नसतं. भुताखेतांबद्दलही माझं मत हेच होतं आणि मी ते चारचौघांत मोठ्याने सांगायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण मागच्या दसऱ्याला जे झालं ते हॉलभर लोकांनी पाहिलंय, तेव्हा मी एकटीच भ्रमिष्ट आहे असं तरी कोणाला म्हणता येणार नाही. आणि अजून एक — हे मी रडत लिहीत नाहीये. माझा राग अजून गेलेला नाही, तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो. मी, नवरा मंदार आणि मुलगी सई. माझा धाकटा भाऊ तेजस मास्टर्स करायला आयर्लंडला आला, मग लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये लागला आणि आमच्याकडेच राहिला. वरच्या मजल्यावरची बॉक्स रूम त्याची. पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं, एवढीशी. त्या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने एकेक पार्ट मागवून गेमिंग कॉम्प्युटर जोडला. काळा डबा, एका बाजूला काच, आत जांभळे दिवे. आई कोल्हापूरहून आली तेव्हा बघून म्हणाली, "ह्यो काय देव्हारा मांडलाइस रं?"

त्यावर तो टीम करून खेळायची एक बंदुकांची ऑनलाइन गेम खेळायचा. गेमचं नाव मुद्दाम देत नाही. त्यात त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'रंकाळा'. कोल्हापूर सुटलं तरी तळं सोडवत नव्हतं त्याला. इथल्या मराठी मंडळाचा एक गेमिंग ग्रुप आहे, त्यांच्या टीममध्ये तो होता. कॅप्टन अमेय. नागपूरचा, आयटीतला, बोलायला लोण्यासारखा मऊ. घरी यायचा, "ताई, तुझ्या हातच्या साबुदाणा वड्याला तोड नाही" म्हणत दोन जास्तीचे उचलायचा. मी हौसेने वाढायचे.

या गेममध्ये चीटिंगची सॉफ्टवेअर्स मिळतात. ती चालू केली की भिंतीपलीकडे लपलेला माणूसही लाल रेघांत दिसतो. अमेय हे वापरतो हे तेजसच्या लक्षात आलं. खरं तर त्याने ते सरळ ग्रुपवर टाकायला हवं होतं. पण आमचा तेजस भिडस्त... त्याने अमेयला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बंद कर, मी कोणाला काही बोलणार नाही." अमेय "हो यार, सॉरी यार" म्हणाला. आणि पुढच्याच आठवड्यात त्याने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला — हवा तसा कापलेला — आणि खाली लिहिलं, 'आपल्यातलाच एक जण चीटिंग करतोय. सांगताना खूप वाईट वाटतंय.' तो एक जण म्हणजे तेजस.

टीममधून काढलं, ग्रुपमधून काढलं. मंडळाच्या कार्यक्रमात लोक त्याच्याकडे बघून हसायला लागले. तेजसने ग्रुपमधल्या एकेकाला फोन करून खरं सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टर प्राची सोडली तर कोणी ऐकून घेतलं नाही. प्राची लातूरची, इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात आहे, त्याच टीममध्ये खेळायची. बाकीच्यांना तो विषय केव्हाच संपलेला वाटत होता. त्याला तेच खात होतं. "ताई, गेम गेली खड्ड्यात," तो मला म्हणाला होता, "पण मी लबाड नाहीये गं."

त्याच हिवाळ्यात शिफ्टवरून परतताना रस्त्यावरच्या बर्फावर त्याची गाडी घसरली. कोणाचीच चूक नव्हती असं गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, येऊन सांगितलं.

तेजसला शेवटचं आम्ही कोल्हापूरला नेलं. परत आल्यावर इथली माणसं भेटायला आली. अमेयही आला, डबा घेऊन. किचनमध्ये मी डाळ गरम करत होते. तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नको. मी त्याला केव्हाच माफ केलं होतं."

माफ! माझ्या हातात डाळीचं पातेलं होतं. ते मी त्याच्या डोक्यात का घातलं नाही, हा प्रश्न मला अजूनही पडतो. घरात माणसं होती म्हणून असेल. मी फक्त मनात म्हणाले, तुझं वाटोळं होवो अमेय, आणि ते मला डोळ्यांनी बघायला मिळो.

त्यानंतर तो कॉम्प्युटर बरेच महिने बॉक्स रूममध्ये नुसता पडून होता. मग मंदारनेच विषय काढला. जुन्या विंडोजचा सपोर्ट लवकरच बंद होणार होता आणि नवी विंडोज त्या मशीनवर चढत नव्हती. मंदार ऑफिसात लिनक्सवर काम करतो, तो म्हणाला, "विंडोज काढून लिनक्स टाकू. मशीन दमदार आहे, सई वापरेल. उगाच धूळ खात पडण्यापेक्षा बरं ना?" मी आधी नाहीच म्हणाले. त्यातलं पुसायचं म्हणजे तेजसलाच पुसायचं असं वाटलं मला. शेवटी त्याचे फोटो, व्हिडिओ सगळं वेगळ्या डिस्कवर काढून घेतलं आणि हो म्हटलं.

"त्याच्या बऱ्याचशा गेम्स लिनक्सवर चालतील," मंदार म्हणाला, "पण ती एक नाही चालणार." मी विचारलं, का? तर त्या गेमसोबत चीटिंग पकडणारा एक प्रोग्रॅम येतो. तो विंडोजच्या आत अगदी खोलवर बसून पहारा देतो. लिनक्सवर त्याला बसता येत नाही, आणि पहारेकरी नसेल तर गेम सुरूच होत नाही. मी म्हणाले, "ग्रँड! ती गेम मला या घरात नकोच आहे."

शनिवारी दुपारी काम काढलं. आई तेव्हा आमच्याकडे आली होती, ती पलंगावर बसून मेथी निवडत होती. मंदारने डिस्क पूर्ण पुसली, लिनक्स टाकलं, आणि सईसाठी गेम्स उतरवायला तेजसच्या अकाउंटने लॉगिन केलं. लॉगिनचा कोड तेजसच्या फोनवर आला. तो फोन मी किचनच्या प्रेसमध्ये — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — चार्ज करून ठेवते, आईला त्यातले फोटो बघायचे असतात म्हणून. मग मंदारने मला दाखवायला ती गेमसुद्धा सुरू करून पाहिली. त्याने सांगितलं होतं तसंच झालं. 'या सिस्टिमवर ही गेम चालणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली.

पाटी अजून स्क्रीनवरच होती आणि माझ्या फोनवर प्राचीचा मेसेज आला.

'ताई, तेजसचं अकाउंट कोणी वापरतंय का? रंकाळा ऑनलाइन आहे. आमच्या मॅचमध्ये आहे.'

पाठोपाठ स्क्रीनशॉट. खेळणाऱ्यांच्या नावांत रंकाळा. आणि मग अजून एक मेसेज... 'तो बाकी कोणावर गोळीच झाडत नाहीये. फक्त अमेयला मारतोय.'

मी तो मेसेज मोठ्याने वाचला. मंदारने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे ती पाटी तशीच. आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, काही नाही.

आता तुम्ही जे म्हणाल तेच आम्हीही म्हणालो — अकाउंट हॅक झालंय. मंदारने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. अकाउंट कुठल्या मशीनवर उघडं आहे ते बघता येतं, तेही बघितलं. एकच मशीन दिसत होतं. आमचं, लिनक्सवालं. त्यावर तर ती गेम सुरूही होत नव्हती!

पुढचे काही आठवडे हेच चाललं. अमेय खेळायला बसला की रंकाळा हजर. अमेय नसेल तर रंकाळाही नाही. प्राची मला कळवत राहायची. समोरच्या टीममध्ये एक जास्तीचं नाव यायचं, तो शांतपणे चालत यायचा, अमेयला गाठायचा, मारायचा आणि पुढच्या डावाची वाट बघत उभा राहायचा. दरवेळी आम्ही वर जाऊन बघायचो, आणि कधी कॉम्प्युटर बंद असायचा, कधी सई त्यावर चित्रं काढत असायची.

मला भीती वाटायला हवी होती ना? खरं सांगते, मला आनंद व्हायचा. ऑफिसात मीटिंग चालू असताना प्राचीचा मेसेज आला, 'आज परत,' की माझा दिवस चांगला जायचा. मंदार म्हणायचा, "तू हे एन्जॉय करते आहेस." मी म्हणायचे, "हो."

एक दिवस अमेयचाच फोन आला. "ताई, कोणीतरी तेजसच्या अकाउंटवरून मला टार्गेट करतंय. मी गेमच्या कंपनीला लिहिलं, तर ते म्हणतात या अकाउंटवरून कित्येक महिन्यांत एकही मॅच झाली नाही. हे बरोबर नाही ना ताई. गेलेल्या माणसाच्या नावाशी असं खेळू नये."

गेलेल्या माणसाच्या नावाशी. हे त्याने मला सांगावं! मी म्हणाले, "अगदी बरोबर बोललास," आणि फोन ठेवला.

मग दसरा आला. त्या वर्षी तो नेमका शनिवारी होता, त्यामुळे मंडळाचा कार्यक्रमही त्याच दिवशी, ल्यूकनच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. सकाळी सरस्वतीपूजन, जेवण, दुपारी गेमिंगची स्पर्धा. घरी आईने पहाटेच पूजा मांडली होती. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, आणि आमच्या घरात हत्यारं म्हणजे लॅपटॉपच. पण आईने त्या वेळी हट्टाने तेजसचा कॉम्प्युटर खाली आणायला लावला. पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू वाहिला. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच हलवायचं. मंदार चुकून चालू करेल म्हणून तिने त्याची वायरच काढून आपल्याजवळ ठेवून घेतली. "मी न्हाई येत तुमच्या हालमधी," ती म्हणाली, "मी हितंच बसतो." कोल्हापूरच्या बायका 'बसतो, येतो' असंच बोलतात.

मी हॉलमध्ये गेले ती अमेयला हरताना बघायला. दुसरं काही कारण नव्हतं. भिंतीवर मोठा पडदा, आणि आयोजक म्हणून अमेयचाच स्क्रीन त्यावर. नवा रेशमी कुर्ता, हातात माइक, "चलो दोस्तहो, आज मस्त क्रॅक करूया!" क्रॅक म्हणजे इथल्या भाषेत धमाल. स्पर्धा बंद खोलीसारखी होती. पासवर्ड अमेयने स्वतः ठेवलेला, नोंदवलेल्या खेळाडूंशिवाय कोणाला आत येताच येणार नाही.

अंतिम सामना सुरू झाला आणि पडद्यावर यादीत सगळ्यात खाली नाव आलं. रंकाळा.

हॉलमध्ये आधी कोणी तरी हसलं. मग ज्यांना तेजस आठवत होता त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. अमेयने त्याला बाहेर काढलं. नाव गेलं, आणि परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. "कोणीतरी टेक्निकल इश्यू करतोय," तो माइकवर म्हणाला, पण आवाज चिरकला. कोणी तरी ओरडलं, "अरे खेळ ना, घाबरतोस काय!" तो खेळायला लागला. पहिल्या डावात रंकाळाने त्याला दारात मारलं. दुसऱ्या डावात जिन्यावर. तिसऱ्यात अमेय एका खोलीत कोपऱ्याला पाठ लावून बसून राहिला, तरी मेला. त्याच्या टीमच्या इतर पोरांना एकही गोळी लागली नाही.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन आईला फोन लावला. "आई, तेजसचा कॉम्प्युटर बंद आहे ना?"

"बंदच की. वायर माझ्या मांडीवर हाय. मी हितनं हललोबी न्हाई."

"हात लावून बघ जरा."

फोन पाटाशेजारी ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "गरम लागतोय गं. जवळ समई हाय, तिच्यानं असंल."

मी परत आत गेले आणि बरोबर वेळेवर गेले. अमेयचा चेहरा घामाने डबडबला होता. रंकाळा कुठे आहे ते त्याला काही करून बघायचं होतं, आणि त्या घाईत आपला स्क्रीन सगळ्यांना दिसतोय हे तो विसरला. त्याने कीबोर्डवर कसली तरी दोन बटणं दाबली. भिंतभर पडद्यावर, भिंतींच्या आरपार, एकेक माणूस लाल रेघांत उमटला. कोण जिन्यामागे, कोण खिडकीखाली... सगळे. ज्या चीटिंगचा आळ त्याने माझ्या भावावर घातला होता, ते अख्ख्या मंडळासमोर त्याच्याच हातांनी उघडं पडलं होतं.

सगळे दिसत होते, फक्त रंकाळा सोडून. यादीत त्याचं नाव होतं, तो जिवंत आहे असंही तिथे दिसत होतं, पण लाल रेघ कुठेच नव्हती. अमेय कॅमेरा गरागरा फिरवत त्याला शोधत होता. मग तो मेला. पाठीमागून.

प्राची उठली आणि तिने विचारलं, "अमेय, हे कधीपासून वापरतोस?" त्याने माउस सोडला. ती म्हणाली, "तेजसने तुला पकडलं होतं ना?" त्याने खाली बघून होकाराची मान हलवली. मी मागून म्हणाले, "माइकवर बोल." माझा आवाज इतका शांत होता की मलाच नवल वाटलं. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "तेजसने कधीच चीटिंग केलं नव्हतं. मीच करत होतो. तो व्हिडिओ मी बनवला."

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. जे तेजसला हसले होते ते एकेक करून माझ्याकडे आले, सॉरी म्हणाले. मी कोणालाही 'असू दे' म्हटलं नाही.

इथे हे संपेल असं मला वाटलं होतं. भावाचं नाव धुतलं गेलं, त्याला हवं ते मिळालं. पण साधारण महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, दारावर अमेय उभा. गाल बसलेले, दाढी वाढलेली. आत येऊन सोफ्याच्या कडेवर टेकला. म्हणाला, त्याने ती गेम काढून टाकलीय, अकाउंट बंद केलंय. मग दुसरी गेम खेळायला घेतली, गाड्यांची, ज्यात कोणी कोणाला मारत नाही. तिथेही शर्यत सुरू व्हायच्या आधी शेजारी रंकाळा येऊन उभा राहतो. त्याने कॉम्प्युटर विकला. आता फोनवर साधं बुद्धिबळ लावलं तरी समोर तेच नाव येतं. आयर्लंड सोडून जायचा विचार करतोय म्हणाला.

"ताई, मला तो कॉम्प्युटर बघू दे एकदा."

मी त्याला वर नेलं. त्याने खुर्चीत बसून ती गेम सुरू करायचा प्रयत्न केला. तीच पाटी आली. त्याने सेटिंग उघडली, मंदारला काय काय विचारलं, परत प्रयत्न केला, परत पाटी. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, तूच करत होतीस ना? तू, मंदार, प्राची, कोणी तरी. मी रागावणार नाही गं, खरंच. माझी चूक होती, मला मान्य आहे. तू फक्त 'हो' म्हण. मग मी सुटलो."

मंदार माझ्याकडे बघत होता. 'म्हण' असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. एका खोट्या शब्दाने तो पोरगा शांत झोपला असता. किचनमध्ये हळूच म्हणालेलं ते वाक्य मला आठवलं, माफ केलं होतं म्हणे.

मी त्याला अगदी खरं ते सांगितलं. म्हणाले, "नाही रे अमेय. आम्ही कोणीच नव्हतो."

तो निघून गेला. खाली त्याची गाडी बराच वेळ जागची हलली नाही. मंदार त्या दिवशी माझ्याशी फार बोलला नाही. पण मी खोटं बोलले नव्हते, आणि मला झोप छान लागली.

आता विचाराल, हे सगळं काय होतं? मला माहीत नाही. मंदारच्या ऑफिसातल्या लोकांनी आमचं मशीन कसून तपासलं, त्यात ती गेम कधी चालल्याची खूणसुद्धा नाही. आई म्हणते तेजस होता. मी तेही म्हणत नाही, कारण तेजस मला आठवतो तो इतका कठोर नव्हता. लिनक्स जाणणारे, गेमिंगमधले बरेच जण हे वाचत असाल. तुमच्यापैकी कोणाला याचं स्पष्टीकरण सापडलं तर मला जरूर कळवा.

अमेयला मात्र कळवू नका.